बंबपट्टी

गावात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. खालच्या रस्त्यावरची लॉन्ड्री तिची. कॉलरी ताठ करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि जिभेलाही तीच खळ घातलेली, म्हणून ती 'कडक काकू'. हे नाव तिच्या तोंडावर घ्यायची मात्र एकाचीही छाती नव्हती. तोंडावर नुसतं 'काकू', तेही आवाज जरा खाली ठेवून.

लॉन्ड्री दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत धुलाईची यंत्रं आणि बारा महिने वाफ. काकू इस्त्री मारायची आणि काका, म्हणजे तिचा नवरा, घड्या घालायचे. पूर्वी हे वेगळं होतं. पूर्वी काका इस्त्री मारायचे आणि काकू गिऱ्हाइकांशी भांडायची. पण एका दुपारी लॉन्ड्रीला आग लागली, काका लोकांचे कपडे काढायला आत शिरले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं कामातून गेली होती. आग वायरीने लागली असं काकू म्हणते, इस्त्रीने लागली असं काका म्हणतात. तो वाद अजून मिटलेला नाही.

हाताचं दुःख काकूने गिळलं असतं. पण वरच्या मजल्यावर एक म्हातारा घड्याळजी राहायचा. पायाने अधू होता. चहा हवा असला की तो काठीने जमिनीवर ठोकायचा आणि काकू खालून 'आले हो' म्हणून ओरडायची. त्या दुपारी त्याने किती वेळ ठोकलं ते काकूने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आगीचा बंब जिल्ह्याच्या शहरातून निघाला, घाट चढून आला आणि राखेवर पाणी मारून गेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. बंबावरचा माणूस 'सॉरी' म्हणाला. काकूने त्याला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

पुढच्याच निवडणुकीत ती नगरपालिकेला उभी राहिली. भाषण तिला येत नव्हतं, भांडण येत होतं, आणि लोकांना तेच हवं होतं. तिने दोन वचनं दिली. गावाला स्वतःचा बंब आणीन, हे पहिलं. कोणाच्या घरपट्टीत दमडीची वाढ होऊ देणार नाही, हे दुसरं. ही दोन वचनं एक दिवस एकमेकांच्या नरडीला धरतील असा विचार तिने केला नाही. निवडणुकीत तो कोण करतो? ती निवडून आली, आणि सभासदांमध्ये बाकी कोणी बेरीज-वजाबाकीला तयार नव्हतं म्हणून अर्थसमितीची सभापतीही झाली.

आता बंब आणायचा तर पैसा हवा, आणि घरपट्टीला हात लावायचा नाही. काकूने वर्षभर डोकं खाजवलं. मग वीज कंपनी तिच्या पथ्यावर पडली. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर कंपनीचं वीजघर होतं. कंपनीने डोंगरापलीकडे नवी लाइन टाकायची ठरवली, त्यासाठी लोकांना कर्जरोखे विकून मोठं कर्ज उचललं आणि तारण म्हणून हे वीजघर लिहून दिलं. वीजघर गावाच्या हद्दीत, म्हणून तारणाची नोंदही गावातच झाली. काकूने ठराव मांडला: आपल्या हद्दीत नोंदलेल्या अशा कर्जावर दर वर्षी नगरपालिकेचा कर. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. परक्याच्या खिशातून दान करायला कोणाचा हात आखडतो?

कंपनीने कुरकुर न करता कर भरला. बंब आला. लाल, जुना, पण दणकट. जुन्या गोदामात अग्निशमन केंद्र उघडलं. ट्रक चालवून कंटाळलेला एक ड्रायव्हर आणि त्याच्या हाताखाली तीन पोरं नोकरीला लागली. पहिल्याच वर्षी गवताची एक गंजी, एक गॅरेज आणि शाळेची एक खोली बंबाने वाचवली. काकू इस्त्री खाली ठेवून रस्त्यावर येऊन बंब जाताना बघायची आणि पुन्हा आत जायची. तिच्या तोंडावर तेव्हा जे दिसायचं त्याला काका 'हसणं' म्हणायचे. बाकीच्यांना ते ओळखू येत नसे.

घरात मात्र एक माणूस या आनंदात मिठाचा खडा टाकायला बसलेला होता. मुलगा मालवाहू बोटीवर, वर्षातून एकदा घरी. पण सून घरातच, आणि ती नोकरीला कुठे, तर वीज कंपनीच्या बिल भरण्याच्या खिडकीवर.

"आई, कंपनी कर भरते म्हणजे काय, मालक घरून आणतो का?" सून जेवताना म्हणाली. "कर्जाचा आकार आम्ही बिलात वेगळा लावतो. तुमचा कर त्याच्यावर चढवलाय. सगळ्यांच्या बिलात. डोंगरापलीकडच्यांच्यासुद्धा."

"मग भरू दे की. वीज आपल्या नदीवर होते."

"त्यांच्या गावात बंब आहे का?"

"मला काय माहीत?"

"नाहीये. माझी मावशी राहते तिथे."

"मावशीला म्हणावं, उभी राहा निवडणुकीला," काकू म्हणाली आणि ताटावरून उठली. सून गालातल्या गालात हसली. या दोघींचं असं होतं. भांडल्याशिवाय अन्न पचत नसे, आणि एकीला ताप आला की दुसरीची झोप उडे.

काकूची युक्ती बघून खालच्या खोऱ्यातल्या दोन गावांनीही तोच कर लावला. एका गावाने पाण्याच्या कंपनीच्या कर्जावर लावला. मग राज्य सरकार जागं झालं. कायदा झाला: वीज, पाणी, गॅस पुरवणाऱ्यांच्या कर्जावर, कर्जरोख्यांवर, तारणावर किंवा ते फेडण्यासाठी गिऱ्हाइकांकडून घेतल्या जाणाऱ्या आकारावर कोणत्याही गावाने किंवा शहराने कर लावायचा नाही. ज्यांनी लावलाय त्यांनी थांबवायचा. तसं पत्र नगरपालिकेत आलं.

इथे या नगरपालिकेची एक खोड सांगायला हवी. फार पूर्वी एक कारकून आलेली पत्रं दाबून ठेवायचा. त्याला चाप बसावा म्हणून नियम झाला की सभेत मोठ्याने वाचल्याशिवाय कोणतंही पत्र आलं असं धरायचं नाही. कारकून गेला, नियम राहिला. पत्र दडपता येऊ नये म्हणून केलेला नियम पत्र दडपायलाच किती सोयीचा आहे, हे काकूच्या लक्षात आलं.

"वाचलंच नाही तर आलं कुठे?" ती म्हणाली. "आणि आलंच नाही तर लागू कसं होईल?"

नगराध्यक्षांचं औषधाचं दुकान होतं आणि बोलणं खोकल्याच्या औषधासारखं, गोड आणि दाट. ते म्हणाले, "काकू, मला हे ठीक वाटत नाही, पण तुमचा अनुभव मोठा." म्हणजे जमलं तर आमचं, फसलं तर तुमचं.

त्या महिन्याच्या सभेत पत्राचा विषय निघण्याआधी दोन सभासदांच्या पोटात दुखू लागलं. गणसंख्या भरेना, सभा तहकूब झाली. पुढच्या महिन्यात दिवे गेले. त्याच्या पुढच्या महिन्यात वाचणाऱ्या चिटणिसाचा घसा बसला, आणि तो दिवसभर बाजारात बसलेल्या घशाने भाव करत हिंडला. गावात या तहकुबीची चर्चा क्रिकेटच्या स्कोअरसारखी चालायची. 'आज वाचलं का?' 'नाही!' की टाळी. राज्याच्या नाकावर टिच्चून वर्षाचा कर वसूल झाला. कंपनीने 'हरकत ठेवून भरत आहोत' असं लिहून तो भरला. काकूने त्यातून बंबाला नवे पाइप घेतले, चौघांचे पगार दिले. रस्त्याने जाताना तिला लोक हात करायचे. आयुष्यात पहिल्यांदा तिची लोकप्रियता तिच्या जिभेपेक्षा लांब झाली होती.

"आई, हे अंगाशी येईल," सून म्हणाली.

"येऊ दे. माझं अंग काय आज भाजलंय?"

आणि आलंच. राज्याचा अधिकारी आला. तरुण होता, नम्र होता, एकटाच बसने आला होता. कॉलर बरी होती, पण इस्त्री घाईत मारलेली. काकूने ते आधी पाहिलं. नगरपालिकेचं सभागृह खचाखच भरलं. खिडक्यांतून डोकी.

"पत्र आम्ही वाचलेलं नाही," काकूने सुरुवातीलाच ठणकावलं.

"ते कळलं मला," अधिकारी म्हणाला. "पण बाई, कायदा राजपत्रात छापला त्या दिवसापासून लागू झालाय. तुमच्या वाचण्यासाठी तो थांबत नाही. त्यानंतर घेतलेला कर कंपनीला परत करावा लागेल. व्याजासकट."

सभागृहात चुळबुळ झाली. नगराध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले.

"आमची नदी," काकू म्हणाली, "आमच्या डोक्यावरून तारा. त्या वीजघराच्या आवाजात आमची पोरं झोपतात. आणि कर लावायचा नाही?"

"वीजघराच्या इमारतीवर तुमची पट्टी आहेच. तिला कोणी हात लावलेला नाही. कर्जावर नको. एक गाव लावतं, त्याचं बघून दुसरं लावतं, कर्ज महाग होतं, आणि ज्याच्या घरात एकच दिवा आहे त्याच्याही बिलात ते येतं. तो तुमच्या गावाला मत देत नाही. तुमच्याशी भांडायला कुठे येणार?"

"मग आमचा बंब कोण पोसणार? तुम्ही?"

"ते माझ्या हातात नाही."

"हातात काय काय नाही ते सांगायला एवढ्या लांब आलात होय?"

सभागृहात हशा पिकला. खिडकीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. अधिकारीही हसला, आणि हसू ओसरेपर्यंत थांबून हळूच म्हणाला, "घरपट्टीला राज्याची आडकाठी नाही. तो अधिकार तुमचा आहे. तुम्ही तो वापरलेला नाही."

काकू खाली बसली नाही. तिने टेबलावर बोट आपटलं. "लिहून घ्या. आमचा कर काढलात, काढा. पण मग डोंगरापलीकडच्या गावाला बंब द्या. त्यांच्याकडेही नाहीये. वाचवायला कायदा करता, तर विझवायलाही करा. लिहा!"

त्याने लिहून घेतलं. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही, आणि सभेत न वाचल्यामुळे नव्हे.

तो गेल्यावर नगराध्यक्षांनी घसा साफ केला. पैसे तर खर्च झालेले. परत करायचे कुठून? "बंबाला गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. "बंब विकू, कंपनीची परतफेड करू आणि या प्रकरणावर पडदा टाकू. ज्यांनी उत्साहाच्या भरात पत्र वाचू दिलं नाही त्यांना मी दोष देत नाही." म्हणजे दिलाच. पुढच्या सभेत बंब विकायचा ठराव येणार, हे नक्की झालं.

काकू घरी आली आणि एका शर्टाला दोनदा इस्त्री मारली. काकांनी तो उचलून घडी घातली. तिच्या डोळ्यांपुढे काय होतं ते त्यांना विचारायची गरज नव्हती. छत आणि त्यावरचं ठोकणं. त्यांच्याही डोळ्यांपुढे तेच होतं.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "पत्र पहिल्या दिवशी वाचलं असतं तर निदान परत द्यायचं काही नसतं."

"हो," काका म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणायचं असतं अशा वेळी."

"नाही म्हटलं तर खोटं बोलता म्हणशील."

सून दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, बंब ठेवायचा तर घरपट्टी. दुसरं काही नाही. परक्याच्या बिलात हात घालून झाला, आता आपल्या खिशात घाला."

"शब्द दिलाय मी गावाला."

काका चादरीचं टोक जुळवत म्हणाले, "आपण गिऱ्हाइकाला शनिवारचा वायदा करतो आणि शर्ट सोमवारी देतो. मारतं का कोणी?"

"हा शर्ट आहे का?"

"नाही. म्हणून तर आधी सांगावं लागेल. शनिवार उलटल्यावर नाही."

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीच्या दारात पाटी लागली. काकूचं अक्षर मोठं आणि ओबडधोबड, लांबूनही वाचता यायचं: 'मी शब्द मोडणार आहे. घरपट्टी वाढवायचा ठराव मीच मांडणार आहे. ज्याला भांडायचं असेल त्याने आत यावं. बाहेरून बोलू नये.'

लोक आत आले. असे आले की लॉन्ड्रीत उभं राहायला जागा उरली नाही. कोणी म्हणालं, तुला मत दिलं ते चुलीत घातलं. कोणी म्हणालं, आम्हाला काय आग लागलेली नाही. काकूने एकेकाला तोंड दिलं. इस्त्री हातातून खाली ठेवली नाही, त्यामुळे जवळ कोणी आलं नाही.

"राज्याशी भांडायचं सोडून आमच्याशी कसली भांडतेस?" सायकलवाला ओरडला.

"राज्याशी भांडले. हरले. आता तुझी पाळी."

"आम्ही का भरायचं?"

"कारण आग तुझ्या घराला लागते. डोंगरापलीकडच्या बाईच्या घराला नाही. तिने दोन वर्षं भरलं, तुला माहीत तरी होतं का? मलाही नव्हतं. म्हणजे होतं, पण मी कानाडोळा केला."

समोरची शिंपीण काकूची वीस वर्षांची मैत्रीण. ती शेवटी आली आणि तिने आपल्या कपड्यांची पिशवी मागितली. इस्त्री न झालेले कपडे तिने चुरगळलेलेच पिशवीत कोंबले. तिचा नवरा कामावरून काढलेला, घरात तीन शिकणारी पोरं. वाढलेली पट्टी कुठून आणायची हा तिचा प्रश्न खरा होता.

"तू तोंडावर थापडच मारलीस," शिंपीण म्हणाली.

"मारली," काकू म्हणाली. "आणि पुन्हा मारीन."

शिंपीण गेल्यावर काकू मागच्या खोलीत गेली आणि वाफेत बराच वेळ उभी राहिली. तिला फार लागलं होतं. पण पाटी तिने काढली नाही.

सभेचा दिवस उजाडला. आता या नगरपालिकेची दुसरी खोड. इथे हात वर करून मत देत नाहीत. ठरावाच्या बाजूचे उभे राहतात, विरोधातले बसतात. पूर्वी काही सभासद सभेत डुलक्या काढायचे, आणि बसलेला माणूस विरोधात आहे की झोपेत आहे ते कळायचं नाही. म्हणून असं ठरलं होतं की जो बसून राहील त्याने आपलं कारण माइकवर सांगायचं. माइकला भोंगा जोडलेला, भोंगा बाजारात. हा नियम कोणी मोडला नव्हता, फक्त कोणाला आठवत नव्हता, कारण बरीच वर्षं सगळे सगळ्याला उभेच राहत आले होते.

नगराध्यक्षांनी आधी बंब विक्रीचा विषय घ्यायला काढला. काकू उठली. "माझी उपसूचना आधी. विकायचा नाही, घरपट्टी वाढवायची. जो एकच दिवा लावतो त्याला माफी, बाकी सगळ्यांना. मला धरून. तुमच्या दुकानालाही."

"आवाजी मत घेऊ," नगराध्यक्ष गोडीने म्हणाले. "वेळ वाचेल."

"उभं राहून घ्या. आणि जो बसेल त्याने कारण सांगायचं. नियम आहे. चिटणीस, तुमचा घसा बरा असेल तर वाचा."

चिटणिसाने वाचला. घसा ठणठणीत होता.

नऊ सभासद. काकू उभीच होती. मास्तरीणबाई उठल्या, त्यांच्या शाळेची खोली वाचली होती. गॅरेजवाला उठला, त्याला न उठून चाललंच नसतं. एक म्हातारे सभासद उठले, त्यांना कशाचा ठराव आहे ते ऐकू आलं नव्हतं, पण शेजारी मास्तरीणबाई उठल्या म्हणून उठले. चार झाले. बाकी खुर्च्यांना चिकटून. पाचवा हवा होता.

"सांगा," काकू नगराध्यक्षांना म्हणाली. "बाजार ऐकतोय."

नगराध्यक्षांनी माइक ओढला. जनतेवरचा बोजा, महागाई, परिस्थिती, असं बरंच पाक घालून बोलले. बाहेर बाजारातून टाळ्या आल्या. दुसऱ्याने 'अध्यक्षांचंच माझं कारण' म्हटलं. तिसऱ्याने तेच. चौथ्यानेही. मग माइक दूधवाल्यापुढे आला.

दूधवाला नगरपालिकेत निवडून आल्यापासून एक शब्द बोललेला नव्हता. घरोघर दूध घालायचा तेव्हाही नुसती किटली वाजवायचा. माणूस लाजाळू, अनोळखी माणसाने पत्ता विचारला तरी कानशिलं लाल व्हायची. त्याने माइककडे पाहिलं, भोंग्याच्या दिशेने पाहिलं. 'अध्यक्षांचंच माझं कारण' एवढं म्हणून तो सुटला असता. ओठ हललेही. पण आवाज फुटला नाही. आणि बोलण्यापेक्षा सोपं म्हणून तो सरळ उभा राहिला.

चिटणिसाने माइकवरून 'पाच' पुकारलं. मग बाहेरून आरडाओरडा सुरू झाला. ठराव पास झाला होता. एका माणसाच्या लाजेवर गावाचा बंब राहिला. काकूला हे सांगितलं की ती चिडते. ती म्हणते, तो तोंड बंद ठेवून दोन वर्षं विचार करत होता. दूधवाल्याला विचारून उपयोग नाही.

बाहेर पडताना नगराध्यक्ष तिच्या शेजारून चालत होते. "काकू, वाईट वाटतं. पुढच्या निवडणुकीत घरी बसाल."

"बसेन की," काकू म्हणाली. "बसायला घर असलं म्हणजे झालं."

लोकांनी त्या पट्टीला 'बंबपट्टी' नाव ठेवलं आणि भरताना शिव्या तिच्या नावाने घातल्या. पट्टीतून कंपनीची परतफेड झाली. ते पैसे कंपनीने गिऱ्हाइकांच्या बिलात वळते केले. सुनेने घरचं बिल आणून काकूपुढे ठेवलं. कमी झालेली रक्कम एका काडेपेटीलाही पुरली नसती.

"एवढ्यासाठी?" काकू भडकली. "एवढ्यासाठी राज्य माझ्या उरावर बसलं?"

"एवढंच होतं, आई," सून म्हणाली. "पण त्यांचं होतं."

काकूने बिल उलटसुलट करून पाहिलं. "मावशीला कळव," ती शेवटी म्हणाली. "तिचे आले म्हणावं परत. आणि तिला सांग, तिकडे बंबासाठी भांडा. मी येते भांडायला. नुसतं बसचं भाडं द्या."

निवडणूक आली. काकू पुन्हा उभी राहिली. राहू नकोस असं सगळ्यांनी सांगितलं म्हणूनच राहिली. प्रचाराला तिने एकच वाक्य लावलं: 'पट्टी मीच वाढवली.' ती आपटली, आणि अशी आपटली की तिच्या स्वतःच्या रस्त्यानेही तिला मतं दिली नाहीत. निकालाच्या दिवशी तिने लॉन्ड्री नेहमीच्या वेळी उघडली. लोक वाटेत भेटले की दुसरीकडे बघायचे. ती त्यांच्याकडेच बघायची. नव्या सभासदांनी बंबपट्टी काढायची गर्जना केली होती. निवडून आल्यावर त्यांनाही कळलं की काढणं म्हणजे बंब विकणं, आणि तसा ठराव माइकवर मांडणं. अजून कोणी काढलेली नाही.

हरल्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. बंबाचा ड्रायव्हर सकाळी लॉन्ड्रीत आला आणि चौघांचे गणवेश टेबलावर टाकले. आदल्या संध्याकाळी काका-काकू आणि सून लेकाला आणायला बंदरावर गेले होते, पहाटे अंधारातच परतले होते, त्यांना काही माहीत नव्हतं. कपडे टेबलावर पडले आणि काकूचा हात थबकला. जळक्या लाकडाचा वास तिला कुठेही ओळखू आला असता.

"कुठे?" तिने विचारलं.

"समोरच. शिंपीणबाईंकडे." ड्रायव्हरने डोळे चोळले. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. "मागची मशीनची खोली गेली. कापड होतं ना सगळं."

काकूने रस्त्याकडे पाहिलं नाही. "माणसं?"

"सगळी बाहेर. धाकटा वरच्या खोलीत अडकला होता. शिडी लावून काढला. खोकतोय थोडा, बाकी धडधाकट."

"बरं," काकू म्हणाली. "उद्या ये. आणि पैसे पूर्ण पडतील, काजळी निघायला दोन धुणी लागतात."

ड्रायव्हर गेला. तिने गणवेश उचलले, मागच्या खोलीत नेले, आणि यंत्रात न टाकता टबात हाताने चोळायला बसली. काळं पाणी निघत होतं. काका दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ तिची पाठ हलताना बघत राहिले.

"साबण गेला का डोळ्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाली. "रडतेय. रडू नको का?"